सहा खाचा

ट्रॅक्टरच्या पीटीओला सहा खाचा,
योकच्या पोटात सहा.
ड्रॉइंगवर त्या एकमेकांत अलगद बसतात.
सरळगावच्या खाचरात, पोटरीभर चिखलात,
बसत नाहीत.

मी रबाळ्यात लेथवर. सत्तावीस वर्षं.
केसाएवढा फरक पडला तरी
नख सांगतं मला.
म्हणूनच गुलाबने फोन केला असणार :
"मामा, तुमचं ते लोखंड माझं ऐकत नाय."

शनिवारी गेलो.
ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्या मधल्या फटीत
ती उकिडवी बसलेली, पदर खोचून,
चौदा किलोचा शाफ्ट मांडीवर आडवा,
दूध नको म्हणणाऱ्या पोरासारखा.
एका हाताने तो तोलायचा,
दुसऱ्याने पिन दाबून धरायची,
आणि खाच कुठे आहे ते चाचपायचं
तिसऱ्याने.
"तिसरा कुठून आणू? तुमच्या कंपनीत मिळतो?"

काथोड बांधावर बसून होता, तिचा सासरा, माझा मेव्हणा.
म्हणाला, "आपला ढवळ्या बरा.
जू उचललं की मान आपणच खाली घालायचा.
शिवळ सरकवली, की झालं."
"शेण काढायला आत्या होत्या तेव्हा,"
गुलाब फटीतूनच म्हणाली,
आणि शाफ्ट पुन्हा सटकला.

रबाळ्याला आलो. पाळी संपल्यावर
तीन रात्री थांबून एक कॉलर कातली.
आत स्प्रिंग, चार छर्रे.
मागे ओढा, ढकला, सोडा : खट्ट.
मिलिंगवरच्या अन्वरने ती उगाचच
आठ-दहा वेळा लावली आणि काढली,
नुसत्या त्या आवाजासाठी.
"पेटंट घे," म्हणाला.
ऐरोलीला घरी जाताना मी हा शब्द
दोन-तीनदा मनात म्हणून बघितला.

कॉलर तीन दिवस चालली.
चौथ्या दिवशी छऱ्यांच्या मागे गाळ शिरला,
स्प्रिंग मुकी झाली.
गुलाबने हातोडीने ठोकून सोडवली
आणि मला कळवलं नाही.
काथोडने कळवलं. खुशीत.

माझ्या ड्रॉइंगमध्ये सगळी मापं होती.
चिखल नव्हता.

पुढच्या खेपेला पोचलो तेव्हा
ती एकटीच शाफ्ट लावत होती.
सायकलची जुनी चेन वर टॉपलिंकला अडकवलेली,
शाफ्टचं सगळं वजन तिच्यावर.
इंजिन बंद, किल्ली कमरेला.
पीटीओच्या एका उंचवट्यावर लाल रेघ,
योकवरही लाल रेघ, तेवढीच.
हाताने फिरवून रेघ वर आणली,
रेघेसमोर रेघ धरली,
अंगठ्याने पिन दाबली, ढकललं.
मी घड्याळात बघत होतो. दीड मिनिट.

"लाल कसलं?"
"पोरीची नेलपॉलिश."
"डिझेलने जाईल."
"जाते. मग परत लावते.
नखांना लावायचे तेव्हा कुठे टिकायची?"

घरी, भाड्याच्या वहीवर, वाऱ्याने उडू नये म्हणून
माझी कॉलर ठेवलेली.
धुऊन, तेल लावून.
मी ती उचलली, मागे ओढली, सोडली.
खट्ट.
स्वच्छ असली की अजून सुंदर वाजते.

निघताना गुलाबने एकच काम सांगितलं.
पिनेचं टोक बारीक आहे, अंगठा घसरतो,
त्यावर एक टोपी बसवून द्या, जरा पसरट,
"मला पुरेल अशी. पुरुषाला पुरेल अशी नको."

खिशातून व्हर्नियर काढला.
सत्तावीस वर्षांत शाफ्ट मोजले, बुश मोजले,
कुणाचा अंगठा मोजला नव्हता.
तिने हात पुढे केला.
वळणांत, नखाच्या कडेला, सगळीकडे
राखाडी ओला गाळ.

"पुसून ये," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली,
"चिखलासकट मोजा."